हाताखाली कोणी नसताना काम करून घेणं: प्रॉडक्ट मॅनेजरसाठी सॉफ्ट स्किल्सचा सराव

प्रॉडक्ट मॅनेजर म्हणून नेमणुकीचं पत्र हातात येतं, तेव्हा एक गोष्ट त्यात लिहिलेली नसते. इंजिनिअर तुमच्या हाताखाली नाहीत, डिझायनरचा साहेब वेगळा, सेल्सवाल्यांचं टार्गेट वेगळं, आणि प्रॉडक्ट चाललं नाही की विचारणा मात्र तुमच्याकडे होणार. रोडमॅप (प्रॉडक्टमध्ये काय, कधी करायचं त्याचा आराखडा) आखणं, डेटा काढणं, स्क्रीनचं कच्चं चित्र काढणं हे सगळं सहा महिन्यांत शिकता येतं. ज्यांच्यावर आपला काडीचाही अधिकार नाही, अशा दहा-बारा माणसांना एका दिशेनं चालायला लावणं हे मात्र कोणी शिकवत नाही. मी पुण्यात गेली चौदा वर्षं हे काम करतोय, त्यातली बरीचशी औषध दुकानांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर. माझ्या डोळ्यांदेखत जी प्रॉडक्ट्स फसली, त्यातली बहुतेक कोड वाईट होता म्हणून फसली नाहीत. कोणीतरी कोणाचं तरी नीट ऐकलं नव्हतं, किंवा जे बोलायला हवं होतं ते वेळेवर बोललं नव्हतं.

या कामाचं मूळ शोधायचं तर मे १९३१ पर्यंत मागे जावं लागतं. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गँबलमध्ये कॅमे साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांसाठी एक टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रँडची पूर्ण जबाबदारी घेणारी स्वतंत्र माणसं हवीत, असं त्यात म्हटलं होतं. (हेच गृहस्थ पुढे १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले.) त्या टिपणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी सूचना साधी आहे: जिथे खप कमी आहे तिथे स्वतः जा, दुकानदारांना आणि ग्राहकांना भेटा आणि दुखणं कुठे आहे ते शोधा. सुरुवात तिथूनच करू.

१. आधी समोरच्याला बोलू द्या

सांगलीतलं एक मेडिकल. मालक साठीच्या आसपासचे, काउंटरवर दोन पोरं. आम्ही बिलिंगमध्ये एक्स्पायरी अलर्टची सोय केली होती. औषधाची मुदत संपायला तीन महिने उरले की स्क्रीनवर लाल पट्टी. फोनवर विचारलं तेव्हा मालक म्हणाले, ‘छान केलंय हो, उपयोगी आहे.’ मी ते वाक्य जसंच्या तसं प्रेझेंटेशनमध्ये टाकलं. दोन महिन्यांनी आकडे पाहिले, तर ती लाल पट्टी जवळपास कोणीच उघडत नव्हतं. मग मी सांगली गाठली आणि सकाळी दहा ते दुपारी दोन त्या काउंटरच्या आत एका स्टुलावर बसून राहिलो.

पहिला तासभर काही विचारलं नाही. साडेअकराच्या सुमाराला एका पोरानं गोळ्यांची पट्टी उलटी करून तारीख पाहिली आणि काउंटरखालच्या खोक्यात टाकली. सलाइनच्या बाटल्यांचा रिकामा खोका, आत पुठ्ठे उभे करून कप्पे केलेले, आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर स्केचपेननं एकेका स्टॉकिस्टचं, म्हणजे दुकानाला माल पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचं नाव. मी विचारलं, ‘काका, हा खोका कशाचा?’ आणि काका बोलायला लागले. कुठल्या औषधाची मुदत कधी संपते, ते पोरांना तोंडपाठ होतं. त्रास पुढचा होता. मुदत संपलेला माल परत घेण्याचे प्रत्येक स्टॉकिस्टचे नियम वेगळे, माल नेला तरी क्रेडिट नोट (परत दिलेल्या मालाची रक्कम जमा केल्याचा कागद) महिनोन्‌महिने येत नाही, आणि कोणाकडे किती रक्कम अडकलीय याचा हिशेब एका वहीत, तोही अर्धवट. त्यांनी वही काढून माझ्यासमोर ठेवली. आम्ही त्यांना तारखा दाखवत होतो. त्यांना त्यांचे अडकलेले पैसे दिसायला हवे होते.

फोनवर काका खोटं बोलले नव्हते. पुण्याहून फोन करणाऱ्या मुलाचं त्यांनी मन राखलं होतं. आपल्याकडे हे फार होतं, म्हणून आपल्या माणसांच्या बोलण्याचा अर्थ लावायला शिकायला हवं. ‘छान आहे’ हे बहुतेक वेळा सौजन्य असतं. ‘चालेल’ म्हणजे मला फरक पडत नाही. ‘बघू’ म्हणजे नाही. ‘मुलाला विचारून सांगतो’ हे मात्र खरं असतं, आणि त्याचा अर्थ निर्णय घेणारा माणूस वेगळा आहे, त्याला भेटा. खरा रस कळतो तो कृतीतून: समोरचा किंमत विचारतो, कधी मिळेल म्हणतो, स्वतःची वही उघडून दाखवतो, शेजारच्या दुकानदाराचा नंबर देतो.

ग्राहकाला भेटायला जाल तेव्हा एवढं करा.

‘अशी सोय दिली तर वापराल का?’ हा प्रश्न विचारूच नका, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ येतं. ‘शेवटचं असं कधी झालं होतं? तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. घडलेल्या गोष्टीत माणूस तपशील सांगतो. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच अंक मोजा. त्या पाच सेकंदांच्या शांततेत समोरचा माणूस पुष्कळदा मुद्द्याची गोष्ट सांगून जातो. दोघं मिळून जा, एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं फक्त लिहायचं, आणि तो दुसरा शक्यतो इंजिनिअर असू द्या. माझ्या दहा पानी अहवालानं जे होत नाही ते एका इंजिनिअरनं तो पुठ्ठ्याचा खोका स्वतः पाहिल्यानं होतं. गर्दीच्या वेळी मध्ये पडू नका. समोरच्याच्या भाषेत बोला. सांगलीच्या काउंटरवर ‘वर्कफ्लो’ आणि ‘पेन पॉइंट’ हे शब्द काढले की समोरचा माणूसही परीक्षा दिल्यासारखा बोलायला लागतो.

चुकीच्या प्रश्नाची किंमत किती मोठी असू शकते, ते कोका-कोलानं १९८५ मध्ये अनुभवलं. नवी चव आणण्याआधी कंपनीनं सुमारे दोन लाख लोकांकडून चव तपासून घेतली होती आणि लोकांना ती आवडलीही होती. तरीही लोकांच्या संतापामुळे ७९ दिवसांत जुनी चव परत आणावी लागली. घोटभर पिऊन कोणती गोड लागते, ते विचारून झालं होतं. जुनी कायमची बंद झाली तर काय वाटेल, याचा पुरेसा ठाव कोणी घेतला नव्हता.

२. ऐकलेलं कागदावर उतरवा

स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये पीएचडीसाठी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आपण लिहिलेली टिकेट्स, म्हणजे काय बनवायचं ते सांगणाऱ्या नोंदी, इंजिनिअरपर्यंत अशीच टकटक होऊन पोचतात.

सांगलीहून परतल्यावर मी पहिल्या झटक्यात लिहिलं होतं: ‘एक्स्पायरी मॉड्यूल सुधारणे, स्टॉकिस्टनुसार रिपोर्ट देणे.’ यावरून कोणी काय बनवणार? ते खोडून दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: ‘दुकानदार मुदत संपलेला माल स्टॉकिस्टला परत करतो. किती रकमेची क्रेडिट नोट यायची बाकी आहे, ते त्याला आज कळत नाही. स्टॉकिस्टचा माणूस दारात उभा असताना, काउंटरवर गिऱ्हाईक असताना, अर्ध्या मिनिटात त्याला त्या स्टॉकिस्टची बाकी दिसली पाहिजे. क्रेडिट नोट आपोआप जुळवणं या वेळी करायचं नाही.’ दुसरा मजकूर वाचून इंजिनिअरनं स्वतःहून विचारलं, ‘मग हे बिलिंगच्या स्क्रीनवरच का नको? रिपोर्टमध्ये कोण जाणार?’ मला ते सुचलं नव्हतं.

पान एकच ठेवा. कोणाला काय त्रास होतोय, तो आपल्याला कसा कळला, आपण काय करणार, काय करणार नाही, आणि जमलं हे कशावरून ओळखणार, एवढं त्यात हवं. ‘काय करणार नाही’ ही ओळ लोक गाळतात आणि पुढची निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. विचार गुंतला असेल तर आधी मराठीत लिहा. इंग्रजीत लिहिताना गुळगुळीत शब्दांच्या मागे अर्धवट विचार लपवता येतो. ‘सीमलेस अनुभव’ मराठीत लिहायला बसलं की म्हणजे नक्की काय, ते स्वतःला सांगावंच लागतं.

लिहिलेलं वाचलं जाईल याचीही सोय करा. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट बंद केलं. तिथे जास्तीत जास्त सहा पानांचं टिपण आणतात आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांत बसून ते वाचतात. आपल्या पाच जणांच्या टीमला सहा पानं नकोत, पण पहिली सात मिनिटं वाचनाची ठेवून पाहा. वाचून आल्याचं दाखवत कोणाला बसावं लागत नाही.

३. इंजिनिअरला दिवस विचारण्याआधी भीती विचारा

‘किती दिवस लागतील?’ असं विचारलं की समोरचा तुमच्या चेहऱ्याकडे बघून आकडा ठरवतो. त्याआधी विचारा, ‘यात तुला कशाची धास्ती वाटते?’ मग तो जुन्या डेटाबेसबद्दल बोलतो, तीन वर्षांपूर्वी घाईत लिहिलेल्या कोडबद्दल बोलतो, आणि आकडा आपोआप खरा येतो. आकडा मोठा आला म्हणून घासाघीस करू नका. ‘यातलं काय काढलं तर निम्म्या वेळात होईल?’ असं विचारा. दिवस त्याचे, काम काय ठेवायचं ते तुमचं, ही वाटणी पाळली की विश्वास बसतो.

बैठकीत कोण बोलत नाही, तिकडे लक्ष ठेवा. लातूर-परभणीहून आलेला, कामात पक्का मुलगा इंग्रजी बैठकीत तासभर गप्प बसतो आणि बाहेर पडल्यावर चहाच्या टपरीवर सांगतो, ‘सर, हे चालणार नाही, सर्व्हर बसेल.’ ही गोष्ट मी इतक्या वेळा पाहिलीय की तिच्यावर उपाय करणं मी माझ्या कामाचाच भाग मानतो. विषय आदल्या दिवशी पाठवतो. बोलायची सुरुवात सर्वांत नव्या माणसापासून, सर्वांत वरिष्ठ शेवटी. ‘मराठीत, हिंदीत, कशातही सांग,’ असं मोकळेपणी म्हणतो, आणि आधी मी स्वतः तसं बोलतो. अमराठी सहकारी असेल तर मीच दोन वाक्यांत भाषांतर करतो. गूगलनं २०१२ मध्ये स्वतःच्या सुमारे १८० टीम्सचा अभ्यास सुरू केला, तेव्हा चांगल्या टीम्सची सर्वांत महत्त्वाची खूण हीच निघाली: इथे चूक कबूल केली, शंका काढली, तर कोणी आपला अपमान करणार नाही, ही खात्री.

मोठं काम हाती घेण्याआधी एक युक्ती वापराच. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी ती २००७ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडली. सगळ्यांना सांगा: ‘सहा महिने उलटलेत आणि हे काम साफ फसलंय. का फसलं ते पाच मिनिटं आपापल्या कागदावर लिहा.’ मग एकेकानं एकेक कारण वाचायचं. ‘यात अडचण काय?’ विचारल्यावर जो शंकेखोर ठरायच्या भीतीनं गप्प बसतो, तोच इथे भरभरून लिहितो.

४. ‘नाही’ म्हणा, आणि त्याच दिवशी म्हणा

यावर मला सर्वांत जास्त बोलायचंय, कारण इथे माझ्या हातून मोठी चूक झालीय.

एका जुन्या कंपनीत असताना सेल्सच्या सहकाऱ्यानं नागपूरच्या एका मोठ्या गिऱ्हाइकासाठी वेगळी सोय मागितली. ती करायची नाही हे मला त्याच क्षणी ठाऊक होतं. पण दिवाळी तोंडावर होती, त्याचं टार्गेट अडलं होतं, आणि मी म्हणालो, ‘बघू.’ त्यानं त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला आणि गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकली. तारीख जवळ आल्यावर प्रकरण वरपर्यंत गेलं, सोय घाईघाईत करायचं ठरलं, आणि ऐन भाऊबीजेच्या दिवशी दोन इंजिनिअर ऑफिसात बसले. त्यातल्या एकीची बहीण-भावंडं घरी वाट बघत होती. संध्याकाळी सहा वाजता ती मला एवढंच म्हणाली, ‘तुम्ही तेव्हाच नाही म्हणाला असतात तर?’ मी त्या दोघांची माफी मागितली, सेल्सच्या सहकाऱ्याचीही मागितली. तो चिडला होता आणि त्याचं चिडणं रास्त होतं. त्याला नकार हवा नव्हता हे खरं, पण स्पष्ट नकार मिळाला असता तर त्यानं गिऱ्हाइकाला वेगळं काहीतरी सांगितलं असतं. माझ्या ‘बघू’नं त्याची ती संधी घालवली.

तेव्हापासून नकार देताना मी ठरावीक क्रम पाळतो.

मागणी पूर्ण ऐकून घ्यायची आणि आपल्या शब्दांत परत सांगायची. समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. नकारातला निम्मा राग ‘याला कळलंच नाही’ या भावनेचा असतो, तो इथेच निवळतो. मग मागणीच्या मागे काय आहे ते विचारायचं. मग हे घेतलं तर काय बाहेर पडेल, ते दाखवायचं. मग ‘नाही’ हा शब्द उच्चारायचा. आणि शेवटी, आज काय देता येईल आणि पुन्हा कधी बोलू, ते ठरवायचं. प्रत्यक्षात हे असं होतं:

‘अरे, त्यांना त्यांच्या फॉरमॅटमध्ये बिल हवंय. दिलं तर या महिन्यात सही होते.’

‘म्हणजे बिलाची छपाई त्यांच्या जुन्या बिलासारखी दिसायला हवी, बरोबर? का पण? कोणाला लागतं ते?’

‘त्यांच्या अकाउंटंटला. तो जुन्या पद्धतीनं एंट्री करतो, त्याला रकाने त्याच क्रमानं लागतात.’

‘अच्छा, म्हणजे छापील बिल नकोय, रकाने हवेत. हे बघ, वेगळा फॉरमॅट या तिमाहीत नाही करता येणार. तो घेतला तर क्रेडिट नोटचं काम मागे जातं, आणि ते तुझ्याच चाळीस दुकानांना कबूल केलंय. पण एक्सेलमध्ये त्याच क्रमानं रकाने काढून देता येतील, ते परवापर्यंत होतं. त्या अकाउंटंटशी मी बोलू का?’

‘तू बोल. पण फॉरमॅटचं काय सांगू?’

‘नाही म्हणून सांग. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पुढच्या तिमाहीचं ठरवताना हा विषय काढीन, तूही ये.’

जानेवारीत तो विषय खरोखर काढायचा. मी एका वहीत तीन रकाने ठेवतो: कोणाला, काय, कधी. पुन्हा बोलू म्हटलेली तारीख चुकली की पुढच्या वेळी तुमच्या नकारालाही किंमत राहत नाही. नकार देताना ‘इंजिनिअरिंगवाले तयार नाहीत’ असं कधीही म्हणू नका. निर्णय तुमचा आहे, तो तुमच्याच नावावर राहू द्या.

खुद्द वरिष्ठच मागणी घेऊन येतात, तेव्हा काय? क्रम तोच. फक्त सगळ्यांसमोर नाही. चार माणसांत ‘सर, हे बरोबर नाही’ म्हटलं की विषय बाजूला राहतो आणि मानापमान सुरू होतो. बैठकीत म्हणा, ‘सर, मला याचा हिशेब मांडायला आजचा दिवस द्या,’ आणि संध्याकाळी काय आत येतं, काय बाहेर पडतं, ते एका कागदावर घेऊन त्यांच्यासमोर बसा. मुद्दे मांडूनही त्यांनी उलटं ठरवलं तर ते काम मनापासून करा. टीमसमोर ‘वरून आलंय’ म्हणून खांदे उडवलेत तर ते काम नक्की बिघडतं.

५. वाईट बातमी लवकर सांगा

तारीख हुकणार हे कळलं त्या दिवशी सांगायचं, हुकल्यावर नाही. काय झालं, कोणाला फटका बसेल, आपण काय करतोय, पुढची खबर कधी देणार, एवढ्या चार ओळी पुरतात. कारणांचा पाढा नको. पुढच्या खबरेची वेळ दिली की त्या वेळी सांगण्यासारखं काही नसलं तरी फोन करायचा. दुकानाचं बिलिंग बंद पडलंय आणि काउंटरवर आठ माणसं उभी आहेत, तेव्हा तुमच्या मौनाइतका त्रास त्या दुकानदाराला कशाचाच होत नाही.

६. सराव कसा करायचा

हे सगळं स्वभावात असावं लागतं, असं मला अजिबात वाटत नाही. मी मुळात बोलघेवडा माणूस, मला गप्प बसणं शिकावं लागलं. परवानगी घेऊन एका ग्राहकाशी झालेलं संभाषण रेकॉर्ड करा आणि ऐकताना दोन रकान्यांत मिनिटं मोजा: तुम्ही किती बोललात, तो किती बोलला. अर्ध्या तासात तुमची दहा मिनिटं भरली तरी ती जास्त आहेत. पुढच्या महिन्यात आठ करा. पहिल्या महिन्यात फक्त ऐकण्याचा सराव, दुसऱ्यात एक पानाचं लिखाण, तिसऱ्यात नकाराची वही. सगळं एकदम सुरू केलं की दहा दिवसांत सगळंच सुटतं.

आणि दर तीन महिन्यांनी तिघांना वेगवेगळं गाठा: एक इंजिनिअर, एक सेल्सचा माणूस, आणि एक सपोर्टचा, जो दिवसभर दुकानदारांचे फोन घेतो. त्यांना एकच विचारा, ‘गेल्या तीन महिन्यांत माझ्यामुळे तुझं कुठलं काम अडलं?’ ऑफिसात नको, बाहेर चहाला नेऊन विचारा. ते सांगतील ते लिहून घ्या. खुलासा करायचा मोह होईल, पण त्या दिवशी तो करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान पुन्हा वाचा, त्यातली एक गोष्ट निवडा, आणि ती कधीपर्यंत बदलणार ते त्या माणसाला जाऊन सांगा.